उत्पत्तीचा शनिवारचा क्लास, छावणी, इंदूर: फी पाचशे, अध्याय ठरलेले अकरा, झाले चार

उत्पत्ती म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक, देवाने सहा दिवसांत जग केलं ती गोष्ट असलेलं. त्याच्या क्लासचं रेटिंग आधी सांगून टाकते, पाचपैकी पावणेचार. सव्वा कुठे कापला ते खाली येईलच. आयोजकांचं नाव लिहीत नाहीये, कारण थोडी कुरकुर पण करणार आहे आणि छावणीत सगळे एकमेकांना ओळखतात, उद्या उपासनेनंतर चहाच्या टेबलावर मलाच तोंड लपवावं लागायचं.

थोडं माझ्याबद्दल, नाहीतर कळणार नाही मी का गेले. मी भंवरकुआँला एका कोचिंगमध्ये नीटवाल्या मुलांना बायोलॉजी शिकवते. घर मराठी ख्रिस्ती, सासर मूळचं नगरचं, इंदूरला तिसरी पिढी. म्हणजे आठवडाभर डार्विन आणि रविवारी उत्पत्ती, आणि या दोघांची एकमेकांशी गाठ पडू नये याची काळजी मी गेली पंधरा वर्षं घेत आलेय. लहानपणी संडे स्कूलच्या एका सरांनी आम्हाला सांगितलेलं की दगडातली हाडं सैतानाने पुरून ठेवलीत, आपला विश्वास डळमळावा म्हणून. मी तेव्हा नऊ वर्षांची, रात्री अंगणात जायला घाबरायचे. मोठी झाल्यावर ते हसण्यावारी नेलं, पण खरं सांगू का, त्या जागी दुसरं काही कोणी ठेवलंच नाही. मग मागच्या उन्हाळ्यात सातवीतल्या मुलाने जेवताना विचारलं, आई डायनासोर पाचव्या दिवशी झाले का सहाव्या? मी म्हटलं, वरण घे. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या आईला विचारू नकोस ती माकडवाली आहे. त्याच आठवड्यात आमच्या चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्लासचं पोस्टर आलं, उत्पत्ती १ ते ११, आठ शनिवार, चार ते सहा, फी पाचशे, नोट्स आणि चहा धरून. मी नाव दिलं. सासूबाईंनी पण दिलं, माझ्यावर लक्ष ठेवायला.

सोयीचं आधी उरकते. हॉल पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो. कूलर आहे पण तो चालू असला की सर ऐकू येत नाहीत आणि बंद केला की मेमध्ये इंदूरला काय होतं ते इंदूरवाल्यांना सांगायला नको. पहिले दोन शनिवार यातच गेले, चालू करा, बंद करा, अरे भिया थोड़ा धीमा कर दो. मग मी आणि सासूबाई पहिल्या रांगेत बसायला लागलो. नोट्स तिसऱ्या आठवड्यात मिळाल्या, हिंदीतच, झेरॉक्स इतकी फिकट की कडेचे दोन शब्द अंदाजाने वाचायचे. लेक्चरचं रेकॉर्डिंग देऊ म्हणाले होते, अजून वाट बघतेय. चहा मात्र एक नंबर, बरोबर सेव-परमल, वरून जीरावण, त्यासाठी अर्धा पॉइंट परत दिलाय.

आता शिकवणं. सर रिटायर्ड, वय सत्तरच्या पुढे, हिंदी-मराठी दोन्ही येतं, हिब्रू येतं आणि मिरवत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी एक गंमत दाखवली जी माझ्या आयुष्यात कोणी दाखवली नव्हती. वर्गात निम्मे लोक हिंदी बायबल घेऊन बसलेले, निम्मे मराठी. सरांनी एकेकाला पहिल्या अध्यायाची पहिली ओळ वाचायला लावली. मराठीत, प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली. हिंदीत, आदि में परमेश्वर ने. मग दुसऱ्या अध्यायाची चौथी ओळ काढली, तिथे मराठीत परमेश्वर देव आणि हिंदीत यहोवा परमेश्वर. म्हणजे आपला परमेश्वर आणि त्यांचा परमेश्वर हा एक शब्दच नाही! हिंदीवाल्यांचा परमेश्वर म्हणजे मूळ हिब्रूतला एलोहीम, साधा देव, आणि मराठीत तोच शब्द यहोवा या हिब्रूतल्या चार अक्षरांच्या खास नावासाठी ठेवलाय. इतकी वर्षं शेजारी बसून आम्ही आमेन म्हणतोय आणि हे लक्षातच आलं नाही. त्यावरून सरांनी मुद्दा काढला की पहिला अध्याय (खरं म्हणजे दुसऱ्याच्या तिसऱ्या ओळीपर्यंत) देवाला एका नावाने हाक मारतो आणि पुढचं कथन दुसऱ्या, भाषा बदलते, क्रम बदलतो. पहिल्यात झाडं, मग प्राणी, शेवटी माणूस, स्त्री-पुरुष एकदमच. दुसऱ्यात माणूस आधी, मग बाग, मग प्राणी, मग हव्वा. एक वकीलकाका लगेच म्हणाले मतलब दो गवाह और दोनों के बयान अलग. सर म्हणाले, बयान अलग नाही, एक जण सॅटेलाइटवरून बघतोय आणि एक जण अंगणात उभा आहे. आणि मग नव्या करारातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय काढायला लावला, जिथे लोक येशूला घटस्फोटाबद्दल विचारतात आणि तो उत्तर देताना पहिल्या कथनातलं नर व नारी असे निर्माण केले हे आणि दुसऱ्या कथनातलं ती दोघे एकदेह होतील हे एका दमात जोडतो. त्याला दोन कथनांची अडचण झालेली दिसत नाही. वकीलकाका गप्प. पुढच्या आठवड्यात परत बोलले म्हणा, तो वेगळा विषय.

सगळ्यात भारी सेशन तिसरं. सहा दिवसांचं. सरांनी बोर्डावर तीन चौकोन वर आणि तीन खाली काढले. पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या ओळीत पृथ्वी कशी होती, तर आकार नाही आणि रिकामी. मग पहिले तीन दिवस आकार देण्याचे, उजेड आणि अंधार वेगळे, वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं, समुद्र आणि कोरडी जमीन वेगळी. पुढचे तीन दिवस भरण्याचे, आणि बरोबर त्याच क्रमाने, पहिल्याच्या खाली चौथा म्हणजे सूर्य-चंद्र, दुसऱ्याच्या खाली पाचवा म्हणजे मासे आणि पाखरं, तिसऱ्याच्या खाली सहावा म्हणजे जनावरं आणि माणूस. मी पेन हातात धरून बघतच राहिले. चौथ्या दिवशी सूर्य आणि पहिल्याच दिवशी उजेड हे माझं शाळेपासूनचं दुखणं, आणि ते चौकोनात असं बसलेलं की मला हसूच आलं. सासूबाईंनी माझ्याकडे वाकून म्हटलं, यात काय एवढं, आधी डबे घासून मांडायचे मग भरायचे. सरांनी ते ऐकलं आणि पुढचे पाच आठवडे ते या मांडणीला आजींचे डबे म्हणत होते. (पुस्तकी नाव फ्रेमवर्क, १९२४ मध्ये नोर्डत्साई नावाच्या डच अभ्यासकाने मांडलेलं, आणि पुढे १९५८ मध्ये मेरेडिथ क्लाइनने इंग्रजीत ते पुढे नेलं.)

तिथेच आणखी एक बारीक गोष्ट. चौथ्या दिवशी मजकूर सूर्य म्हणत नाही, चंद्र म्हणत नाही, मोठी ज्योती आणि लहान ज्योती म्हणतो. हिब्रूत दोघांना साधी नावं आहेत, तरी वापरली नाहीत. कारण बाबेल म्हणजे बॅबिलोन आणि आजूबाजूला सूर्य म्हणजे शमश देव, चंद्र म्हणजे सिन देव, लोक त्यांच्यापुढे वाकायचे, आणि इथे लिहिणारा त्यांना दिव्यांच्या रांगेत टांगून मोकळा होतो. तारे तर जाता जाता, आणि तारेही, एवढंच. मग सरांनी बाबेलची सृष्टीकथा सांगितली, एनुमा एलिश, सात पाट्या, निनवेच्या उत्खननात सापडलेल्या आणि जॉर्ज स्मिथने १८७६ मध्ये छापलेल्या. त्यात मार्दुक देव तियामत नावाच्या खाऱ्या पाण्याच्या देवीला मारतो आणि सुकवायच्या मासळीसारखी उभी चिरून अर्ध्या भागाचं आकाश करतो. आणि माणूस कशापासून, तर बंडखोर देवाच्या रक्तापासून, आणि कशासाठी, तर देवांची मजुरी करायला. हे ऐकून परत उत्पत्ती वाचली की आवाजच वेगळा लागतो. मारामारी नाही, रक्त नाही, देव बोलतो आणि होतं. आणि माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, मजूर नाही, उलट सातव्या दिवशी सुट्टी. त्या काळात देवाचं प्रतिरूप म्हणजे राजा, बाकीचे आपले रयत. इथे ते स्त्री आणि पुरुष दोघांनाही, सगळ्यांनाच. सर म्हणाले राजवाड्यासमोर अहिल्यादेवींचा पुतळा आहे ना, तो बघून बाहेरगावच्या माणसालाही कळतं हे शहर कुणाचं, तसं देवाने जगात जागोजागी माणूस उभा केला. रविवारी राजवाड्यावरून जाताना मी मुद्दाम रिक्षातून मान वळवून बघितलं.

सासूबाई मात्र सहज पटवून घेणाऱ्यातल्या नाहीत. चौथ्या शनिवारी त्या सासऱ्यांचं जुनं इंग्रजी बायबल पिशवीतून घेऊन आल्या, काळं कातडी, पानं बिस्किटाच्या रंगाची, आणि पहिल्याच पानाच्या मार्जिनमध्ये बारीक अक्षरात इसवी सनापूर्वी ४००४. सरांपुढे ठेवलं, म्हणाल्या, हे बघा पाळकसाहेब (ते पाळक नाहीत, पण त्या ऐकत नाहीत), तारीख छापली आहे. सरांनी ते बायबल दोन्ही हातांनी घेतलं आणि खूप आदराने सांगितलं की आजी, ही तारीख मजकुरातली नाही, आयर्लंडचा आर्चबिशप जेम्स अशर याने १६५० मध्ये वंशावळींची वर्षं मोजून काढलेली, अगदी २३ ऑक्टोबरपर्यंत, आणि पुढे ती छापणाऱ्यांनी मार्जिनमध्ये घेतली. माणूस अडाणी नव्हता, त्याच्या काळातला फार मोठा विद्वान, पण मार्जिन म्हणजे पवित्र शास्त्र नाही. सासूबाई म्हणाल्या बरं मार्जिन राहू द्या, सहा दिवस तर आत छापलेत ना, का देवाला सहा दिवसांत जमत नव्हतं? आणि इथे सरांनी जे केलं त्यासाठी मी पूर्ण पॉइंट देते. म्हणाले, आजी, ऑगस्टीन नावाच्या जुन्या बिशपला वाटायचं की सहा दिवस फार जास्त आहेत. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात म्हणतो देवाने सगळं एका क्षणात केलं आणि दिवस हे आपल्याला समजावं म्हणून. त्याच्याही दोनशे वर्षं आधी ओरिगन नावाचा ख्रिस्ती विद्वान विचारून गेला की सूर्य नसताना पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ-सकाळ कोणता शहाणा शब्दशः घेईल. म्हणजे हे डार्विनला घाबरून शोधलेलं उत्तर नाही, डार्विनच्या पणज्याचा पण जन्म झालेला नव्हता. सासूबाईंचा चेहरा पडलेला बघून मग त्यांनी बेसिल काढला, चौथ्या शतकातला कैसरियाचा बिशप, ज्याने सहा दिवसांवर नऊ प्रवचनं दिली आणि स्पष्ट म्हणाला की मी गवत वाचलं की गवतच समजतो. सासूबाईंनी लगेच नोट्सच्या कडेला लिहून घेतलं, बेसिल. घरी येईपर्यंत मला तीनदा ऐकवलं, गवत म्हणजे गवत.

मला यातून काय मिळालं तर हे की चर्चमध्ये सुरुवातीपासून दोन्ही प्रकारची माणसं होती आणि एकमेकांना बाहेर काढत नव्हती. ऑगस्टीनने तर आणखी एक बजावून ठेवलंय, की ख्रिस्ती माणूस आकाश-पृथ्वी-ताऱ्यांबद्दल पवित्र शास्त्राच्या नावाने काहीतरी ठोकून देतो आणि समोरच्या बाहेरच्या माणसाला ते विषय नीट माहीत असतात, मग तो पुनरुत्थानाबद्दल तरी आपलं का ऐकेल. मला ते दगडातली हाडंवाले सर आठवले.

दुसऱ्या अध्यायाची सेशन्स जरा हळू गेली पण दोन गोष्टी डोक्यात राहिल्या. आदाम हे नाव आणि अदामा म्हणजे माती हा हिब्रूतला शब्दखेळ, मातीतला मातोबा म्हणा हवं तर. आणि त्याच शब्दाच्या कुळात लाल रंग आहे, तांबडी माती. मागून कोणीतरी म्हणालं मालवा में होता तो काला बनता, आणि सगळा हॉल हसला कारण आपल्याकडची काळी माती. आणि आपण दिवसभर अरे आदमी, उस आदमी को पूछ असं बोलतो तो आदमी पण आदामचाच, फारसी-अरबीतून आलेला. दुसरं म्हणजे फासळी. जो शब्द फासळी म्हणून आलाय तोच पुढे निर्गम या दुसऱ्या पुस्तकात कोशाची म्हणजे पवित्र पेटीची बाजू, निवासमंडपाची म्हणजे उपासनेच्या तंबूची बाजू म्हणून येतो, म्हणजे हाड काढलं यापेक्षा एक बाजू काढली असंही वाचता येतं. आणि अनुरूप साहाय्यक. लग्नाच्या जाहिरातीत अनुरूप म्हटलं की उंची, पगार आणि गोरी. पण साहाय्यक साठी जो एजेर शब्द आहे तो बायबलमध्ये बहुतेक वेळा खुद्द देवासाठी येतो, स्तोत्र १२१ मध्ये मला साहाय्य कोठून येईल म्हणतात तोच. स्वयंपाकघरातला मदतनीस नव्हे. हे ऐकून बायकांच्या रांगेत जी शांतता पसरली ती कूलर चालू असूनही ऐकू आली, आणि एका काकांनी घड्याळ बघितलं.

तिसरा अध्याय, मनाई केलेलं फळ खाल्ल्याचा, म्हणजे सफरचंद नाही (मजकुरात फक्त फळ, नाव फक्त अंजिराच्या पानांचं येतं, सफरचंद बहुधा लॅटिनमध्ये वाईट आणि सफरचंद यांचा शब्द सारखा असल्याने चिकटलं) आणि साप हा सैतान आहे असंही उत्पत्ती स्वतः कुठे म्हणत नाही, ते बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात येतं. सरांचं म्हणणं, ख्रिस्ती माणूस उत्पत्ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतो, योहानाच्या शुभवर्तमानातलं प्रारंभी शब्द होता हातात घेऊन मग पहिलं पान उघडतो. स्त्रीच्या संततीने सापाचं डोकं ठेचायचं ते वचन दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस येशूकडे बोट दाखवणारं म्हणून वाचतो. ठीक, मला हे पटलं.

आता सव्वा पॉइंट कुठे गेला. माझा खरा प्रश्न सहा दिवसांचा नव्हताच. माझा प्रश्न मरणाचा. नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की एका माणसामुळे पाप जगात आलं आणि पापामुळे मरण. मी मुलांना शिकवते की आदामाच्या जातीचा पहिला प्राणी उभा राहायच्या कोट्यवधी वर्षं आधी प्राणी मरत होते, एकमेकांना खात होते, दगडात त्यांचे दात सापडतात. हा प्रश्न मी पाचव्या आठवड्यात चिठ्ठीवर लिहून दिला. सर म्हणाले पुढच्या वेळी. सहाव्याला म्हणाले पुढच्या वेळी. आठव्या शनिवारी, शेवटची वीस मिनिटं उरलेली असताना, तो घेतला. काही जण म्हणतात पौल माणसाच्या मरणाबद्दलच बोलतोय, जनावरांच्या नाही. काही म्हणतात देवापासून तुटणं हेच मरण, कारण खाशील त्या दिवशी मरशील असं सांगूनही आदाम ९३० वर्षं जगतो. आणि आदाम एकच खरा माणूस का पहिल्या माणसांचा प्रतिनिधी, यावर पोप पायस बारावे यांनी १९५० च्या परिपत्रकात शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास चालू द्या पण सगळी माणसं एका आदामापासून हे सोडता येत नाही असं म्हटलं होतं, प्रोटेस्टंटांत आजही एकमत नाही. एवढं बोलेपर्यंत चहाची किटली आली. हे वीस मिनिटांचं काम आहे का? त्यापेक्षा मोठी-लहान ज्योती पाच मिनिटं कमी केली असती तरी चाललं असतं. मी जिन्यात गाठलं तर म्हणाले ताई, मला पण याचं पूर्ण उत्तर लागलेलं नाही, म्हणून टाळत होतो. राग अर्धा गेला. पण मग तेच वर्गात सांगायचं होतं ना, तिथे माझ्यासारखे आणखी चार बसले होते.

आणि अकरा अध्याय म्हणून चारच झाले. आदामाचा मुलगा काइन, त्याला बायको कुठून मिळाली यावर वकीलकाकांनी अख्खा तास खाल्ला, जलप्रलय आणि बाबेलचा बुरूज तसेच राहिले. पाचशेत चार अध्याय म्हणजे सव्वाशेला एक, महाग नाही, पण पोस्टरवर अकरा छापू नका.

कोणी जावं? ज्यांना घरात मुलांचे प्रश्न आहेत त्यांनी नक्की. ज्यांना डार्विन खोटा ठरवून हवाय किंवा बायबल खोटं ठरवून हवंय त्यांनी जाऊ नये, पैसे वाया जातील. स्वतःचं बायबल न्या, जमलं तर हिंदी आणि मराठी दोन्ही. पहिल्या रांगेत बसा. पाण्याची बाटली आपली आपण.

मुलाला मी घरी येऊन ते सहा चौकोन काढून दाखवले, तीन वर तीन खाली. त्याने नीट बघितलं आणि विचारलं, मग डायनासोर कुठल्या डब्यात? मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, सहाव्या, तिसऱ्याच्या खालच्या, जमिनीवर चालायचे ना ते. आणि पुढे, पण डबा केवढा मोठा ते लिहिलेलं नाहीये.

पुढची बॅच पावसाळ्यानंतर आहे, पाच ते अकरा. सासूबाईंनी पाचशे माझ्याआधी भरले. जलप्रलयातलं नोहाचं तारू तीनशे हात लांब म्हणजे नेमका कुणाचा हात, हे त्यांना सरांना विचारायचंय.